आडवं येतं ते हँडल

इमारतीच्या पार्किंगमध्ये किंवा घरामागच्या शेडमध्ये चार सायकली भिंतीला टेकवून ठेवलेल्या असतात आणि हवी असते ती नेमकी सर्वांत आतली. बाहेरची बाजूला घ्यावी, तर तिचं हँडल दुसरीच्या ब्रेकच्या वायरीत अडकलेलं. दुसरीचं पेडल तिसरीच्या तारांमध्ये घुसलेलं. एक ओढली की चारही एकदम अंगावर येतात. भिंत मात्र चांगली आठ-नऊ फूट लांब असते. एवढ्या भिंतीला चार सायकली मावू नयेत?

तासावर भाड्यानं सायकली देणारी दुकानं एकेकाळी महाराष्ट्रात गावोगावी होती. सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात तर ती गल्लोगल्ली दिसत. रस्त्यावर मांडलेल्या सगळ्या सायकली रात्री दुकान बंद करताना एका छोट्या गाळ्यात जात. शिवाय त्याच गाळ्यात हवेचा पंप, पंक्चर तपासायचं घमेलं आणि हत्यारांची पेटीही मावे. सकाळी शटर उघडलं की त्यातल्या सायकली सरळ बाहेर निघत. त्या दुकानदारांपाशी विकतचे रॅक नव्हते. सायकल कुठे अरुंद असते आणि कुठे आडवी येते, हे त्यांच्या हातांना सवयीनं ठाऊक होतं. ते एकदा नीट समजलं की घरच्या चार-पाच सायकलींची सोय फार खर्च न करता होते.

सायकल नेमकी कुठे रुंद आहे?

मोठ्या माणसाची सायकल साधारण पावणेदोन मीटर, म्हणजे पावणेसहा फूट लांब असते. उंची एक मीटरच्या थोडी वर. रुंदी विचारली तर बहुतेक जण दोन फूट सांगतील. हे उत्तर बरोबर आहे, पण फक्त एका जागेपुरतं. हँडलची रुंदी ५५ ते ६५ सेंटीमीटर असते, जाड टायरच्या माउंटन बाइकला ती ७० च्या पुढे जाते. हँडल सोडून बाकीची सायकल मोजून पाहावी. सीट वीतभर रुंद. दोन्ही पेडलांच्या टोकांमधलं अंतर ३५ ते ४० सेंटीमीटर आणि तेही जमिनीजवळ. चाक तर चार-पाच सेंटीमीटरचं.

थोडक्यात, जमिनीपासून मीटरभर उंचीवर, पुढच्या बाजूला, एकच आडवी दांडी सगळी जागा खाते. सायकली शेजारी शेजारी, एकाच दिशेला तोंड करून उभ्या केल्या की सगळ्यांची हँडलं एकाच उंचीवर आणि एकाच रेषेत येतात. मग दोन सायकलींमध्ये ६५ सेंटीमीटर अंतर सोडावंच लागतं आणि हँडलाच्या मागे सगळी हवाच साठवली जाते.

म्हणून सायकली ठेवण्याच्या बहुतेक स्वस्त युक्त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट असते: शेजारच्या दोन हँडलांची गाठ पडू द्यायची नाही. त्यासाठी एक हँडल पुढे नि दुसरं मागे करता येतं, एक वर नि दुसरं खाली करता येतं, किंवा हँडलच वळवून ठेवता येतं. रॅक, हूक, पुली यांची खरेदी त्यानंतरची.

एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे

लग्नघरात एकाच सतरंजीवर जास्त माणसं झोपवायची वेळ आली की एकाचं डोकं भिंतीकडे आणि पुढच्याचे पाय भिंतीकडे, अशी उलटसुलट मांडणी होते. खांद्यांना खांदे भिडत नाहीत आणि दोन माणसं जास्त मावतात. सायकलींचंही तसंच आहे. एकीचं हँडल भिंतीकडे केलं आणि शेजारचीचं मागचं चाक भिंतीकडे, तर रुंद भागाशेजारी अरुंद भाग येतो आणि दोघींमधलं अंतर ४० सेंटीमीटरपर्यंत खाली आणता येतं.

हिशेब करून पाहू. पाच सायकली एकाच दिशेला लावल्या, तर ६५ सेंटीमीटरची चार अंतरं आणि कडेच्या दोघींच्या हँडलांचे बाहेरचे भाग मिळून ६० सेंटीमीटर, अशी ३ मीटर २० सेंटीमीटर भिंत लागते. उलटसुलट लावल्या तर हीच बेरीज २ मीटर २० सेंटीमीटर होते. एक मीटर वाचला. त्यात एक स्कूटर उभी राहते आणि खर्च शून्य.

दुसरी युक्ती उंचीची. एकाआड एक सायकलीचं पुढचं चाक वीतभर उंच ठेवलं की तिचं हँडल शेजारच्या हँडलावरून जातं. घरच्या घरी हे करायला सिमेंटचे ठोकळे किंवा जुन्या लाकडाची उतरती फळी पुरते. चाक मागे घसरू नये म्हणून फळीला आडवी पट्टी मात्र ठोकावी. नेदरलँड्समध्ये सायकल स्टँडसाठी 'फिएत्सपारकर' नावाचं गुणवत्ता मानक आहे. सगळ्या सायकली एकाच पातळीवर असतील तर दोन सायकलींमध्ये ६५ सेंटीमीटर आणि उंच-सखल असतील तर ३७.५ सेंटीमीटर, अशी अंतरं या मानकानं वापरात आणली. उत्रेख्त शहराच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकाखालचा सायकलतळ २०१९ मध्ये पूर्ण झाला. तिथे तीन मजल्यांवर सुमारे १२,५०० सायकली राहतात. तिथले दुमजली रॅक महागडे आहेत, पण जागा वाचवण्याचं तत्त्व घरातल्या सिमेंटच्या ठोकळ्यांचंच आहे.

जागा लांब पण अरुंद असेल, उदाहरणार्थ गाडी आणि भिंत यांच्यामधली पट्टी, तर सायकली भिंतीशी तिरक्या लावाव्यात. तिरक्या लावल्यावर प्रत्येक सायकल शेजारचीपेक्षा थोडी पुढे सरकते आणि हँडलं आपोआप मागेपुढे होतात. भिंतीपासून बाहेर येणारा भाग पावणेदोन मीटरवरून साधारण सव्वा ते दीड मीटरवर येतो.

आणि एक युक्ती घरात महिनोन् महिने पडून असलेल्या सायकलीसाठी. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, तिची सायकल मात्र विकायची नाही. अशा सायकलीचं हँडल ढिलं करून पुढच्या चाकाला समांतर फिरवता येतं. बहुतेक नव्या सायकलींना त्यासाठी एक ॲलन की पुरते, जुन्या काळ्या सायकलींना पाना लागतो. पेडलंही काढून ठेवता येतात. उजवं पेडल नेहमीसारखं डावीकडे फिरवलं की सुटतं, पण डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते उजवीकडे फिरवावं लागतं. हे माहीत नसल्यामुळे अनेकांनी जोर लावून आटे खराब करून घेतले आहेत. एवढं केलं की सायकल जेमतेम वीत-दीड वीत रुंद उरते आणि कपाटामागेही सरकते. पुन्हा वापरण्याआधी हँडल घट्ट आवळल्याची खात्री मात्र करायलाच हवी. पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल जोरानं वळवून पाहावं. ते जरासुद्धा सरकता कामा नये.

चौकट : टेप घेऊन काय मोजायचं?

• प्रत्येक सायकलीच्या हँडलची रुंदी, एकूण लांबी आणि टायरची जाडी.
• प्रत्येक सायकलीचं वजन. वजनकाट्यावर आधी एकटं उभं राहावं, मग सायकल उचलून. फरक म्हणजे सायकलीचं वजन. गिअरची सायकल साधारण १३ ते १६ किलो भरते, जुनी काळी सायकल २० किलोच्या आसपास.
• एका दिशेला तोंड असताना दोन सायकलींमध्ये ६५ सेंमी, उलटसुलट किंवा उंच-सखल असताना ४० सेंमी.
• सायकल बाहेर काढून वळवायला समोर निदान एक मीटर मोकळी जागा.
• दार किंवा शटर उघडल्यावर त्याचा पल्ला कुठपर्यंत येतो, तेही खडूनं आखून घ्यावं.

चाक धरावं की सांगाडा?

शाळांच्या आवारात जमिनीत सिमेंटच्या खाचा केलेल्या असतात आणि त्यात पुढचं चाक घालायचं असतं. हीच रचना लोखंडी नळ्यांच्या तयार रॅकमध्येही दिसते. ती स्वस्त असते, पण तिच्यात एक खोट आहे. ती कळण्यासाठी चाक वजन कसं पेलतं हे पाहावं लागेल.

सायकलीचं चाक तीस-चाळीस बारीक तारांवर उभं असतं. प्रत्येक तार जेमतेम दोन मिलिमीटर जाड. या तारा ताणून बसवलेल्या असतात आणि त्या ताणामुळेच चाक वरून येणारं वजन सहज पेलतं. सत्तर-ऐंशी किलोचा माणूस खड्ड्यातून गेला तरी त्याचं काही बिघडत नाही. बाजूनं येणारा जोर ही वेगळी गोष्ट. तारा मधल्या हबपासून रिमकडे जाताना बाजूला अगदी थोड्या कललेल्या असतात, त्यामुळे आडव्या जोराला विरोध करायची त्यांची ताकद फार कमी. आता खाचेत चाकाचा फक्त खालचा वीतभर भाग धरला आहे आणि कुणी जाता-जाता सायकलीला धक्का दिला. सगळी सायकल एका बाजूला कलते आणि तिचा सगळा भार त्या वीतभर रिमवर आडवा येतो. रिम वाकते, चाक 'आऊट' होतं आणि ब्रेकला घासायला लागतं.

रॅक घरी करायचा असेल तर चाकाला आधार निदान आसाच्या उंचीपर्यंत मिळेल असा करावा. दोन उभ्या फळ्यांमध्ये टायरच्या जाडीपेक्षा पाच-सात मिलिमीटर जास्त फट, मागे एक आडवी पट्टी, खाली रुंद बैठक. जुन्या पॅकिंगच्या पेट्यांचं किंवा पॅलेटचं लाकूड यासाठी उत्तम. पॅलेटच्या फळ्यांमधल्या फटी आयत्याच असतात, काही ठिकाणी एखादी फळी सरकवली की झालं. गिअरच्या सायकलीला डिस्क ब्रेक असेल तर ती चकती फळीवर टेकत नाही ना, हे आधी सायकल घालून पाहावं. चकती थोडी वाकली तरी ब्रेक करकरतो.

त्याहून भक्कम उपाय म्हणजे चाक सोडून सांगाडाच टेकवणं. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराच्या नावानं ओळखला जाणारा स्टँड असाच आहे. उलट्या 'यू' आकारात वाकवलेली एक नळी, सुमारे ७५ सेंटीमीटर उंच, जमिनीत पक्की केलेली. दोन्ही बाजूंना एक-एक सायकल टेकते, सांगाड्याला दोन ठिकाणी आधार मिळतो आणि कुलूपही सांगाड्यातून घालता येतं. आपल्याकडे कोणताही फॅब्रिकेटर जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपचा असा स्टँड करून देतो. सोसायटीनं एकदम आठ-दहा करून घेतले तर प्रत्येकी खर्च बराच खाली येतो.

भिंतीवरचा हूक का निखळतो

जमीन संपली की नजर भिंतीकडे जाते. सायकल भिंतीवर टांगायच्या दोन पद्धती आहेत: भिंतीला समांतर आडवी, किंवा पुढचं चाक वर करून उभी. पहिल्या पद्धतीत सांगाड्याची वरची दांडी दोन हातांसारख्या ब्रॅकेटवर ठेवतात. ही सायकल शोभून दिसते, पण ब्रॅकेट भिंतीतून निघून आल्याच्या तक्रारीही याच पद्धतीत जास्त येतात.

कारण तरफेचं आहे. १५ किलोची सायकल भिंतीपासून ३० सेंटीमीटर लांब टांगली आहे आणि ब्रॅकेटची पट्टी फक्त १० सेंटीमीटर उंच आहे असं समजू. ब्रॅकेट खालच्या कडेवर टेकून पुढे झुकू पाहतं आणि वरचा स्क्रू त्याला धरून ठेवतो. वजनाचा हात ३० सेंटीमीटरचा, स्क्रूचा हात १० चा. म्हणून वरच्या स्क्रूवर १५ च्या तिप्पट, म्हणजे ४५ किलोची ओढ येते आणि तीही भिंतीतून सरळ बाहेर उपटणारी. पट्टीची उंची १० ऐवजी ३० सेंटीमीटर केली की हीच ओढ १५ किलोवर उतरते. स्क्रू तेच, भिंत तीच, सायकल तीच. विकत घेताना म्हणूनच लांब पट्टीचं ब्रॅकेट निवडावं. किंवा भिंतीवर आधी एक उभी जाड फळी चार-पाच स्क्रूंनी बसवावी आणि ब्रॅकेट त्या फळीवर.

दुसरी पद्धत गरीब दिसते, पण भिंतीवर कमी ताण टाकते. रबर किंवा प्लॅस्टिकचं आवरण असलेला एक जाड हूक, त्यात पुढच्या चाकाची रिम, आणि मागचं चाक खाली भिंतीला टेकलेलं. सायकलीच्या वजनाचा मध्य भिंतीपासून साधारण अर्धा मीटर बाहेर असतो. पण हूक आणि मागच्या चाकाचा टेकू यांच्यात जवळजवळ १४० सेंटीमीटरचं अंतर पडतं. म्हणजे सायकलच दीड मीटरचं ब्रॅकेट बनते. हूक खाली १५ किलोंनी ओढला जातो खरा, पण भिंतीतून बाहेर उपटणारी ओढ पाच-साडेपाच किलोंचीच राहते.

चाकावर टांगल्यानं चाक बिघडेल, ही भीती बऱ्याच जणांना असते. साध्या धातूच्या रिमच्या बाबतीत ती बाळगायचं कारण नाही. पंधरा किलोंचा हा भार चाकाच्या सपाटीतच येतो आणि चालवणाऱ्याचं वजन त्याच्या चौपट-पाचपट असतं. कार्बनच्या रिम असतील तर उत्पादकाची सूचना वाचावी. तेलावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक असतील तर उलटं किंवा उभं टांगल्यावर ब्रेकच्या टाकीतला हवेचा एखादा बुडबुडा नळीत शिरू शकतो आणि ब्रेक दाबल्यावर मऊ लागतो. अशी सायकल खाली उतरवल्यावर ब्रेकची मूठ दहा-बारा वेळा दाबून पाहावी. ती घट्ट झाल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नये.

उभ्या टांगणीनं किती जागा वाचते, याबद्दल मात्र जाहिराती फार बोलतात. जमिनीवर सायकल पावणेदोन मीटर खोल जागा घेते. उभी टांगली की तिची उंची आडवी होते, म्हणजे ती भिंतीपासून एक ते सव्वा मीटर बाहेर येतेच. बचत अर्धा-पाऊण मीटरची. खरी बचत शेजारच्या हुकांमध्ये आहे: एक हूक सुमारे १९० सेंटीमीटर उंचीवर आणि पुढचा त्याच्यापेक्षा वीतभर वर लावला की हँडलं पुन्हा उंच-सखल होतात आणि दोन हुकांमध्ये ४० सेंटीमीटर अंतर पुरतं.

गिलाव्याच्या आत काय आहे?

हूक कितीही चांगला असला तरी तो धरतो कशात, यावर सगळं अवलंबून. भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा एक-दोन सेंटीमीटर जाड असतो आणि त्याच्यात वजन पेलायची ताकद नसते. आखूड प्लग नुसता गिलाव्यात बसला, तर काही दिवसांनी पोपड्यासकट बाहेर येतो.

कारागीर ज्याला गिट्टी किंवा रॉल प्लग म्हणतात, त्याचं काम सोपं आहे. छिद्रात प्लॅस्टिकची नळी घालायची, तिच्यात स्क्रू फिरवायचा. स्क्रू आत शिरताना नळी फुगते, छिद्राच्या कडांवर दाबली जाते आणि त्या घर्षणामुळे रुतून बसते. लंडनमध्ये जॉन रॉलिंग्ज या कंत्राटदारानं १९११ च्या सुमारास ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणं बसवताना भिंतींची नासधूस टाळण्यासाठी तागाच्या तंतूंचा असा प्लग बनवला. रॉल प्लग हे नाव त्याच्या आडनावावरून आलं. आज सगळीकडे दिसणारा नायलॉनचा प्लग जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी १९५८ मध्ये आणला.

सगळं घर्षणावर असल्यामुळे छिद्रातली भुकटी फुंकून किंवा जुन्या ब्रशनं काढणं फार महत्त्वाचं आहे. घाईत हेच राहून जातं. भुकटी राहिली तर प्लग भिंतीला न धरता भुकटीला धरतो. पक्क्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये गिलावा सोडून निदान पाच सेंटीमीटर आत जाणारा प्लग सायकलीला पुरतो. नव्या इमारतींतल्या भिंती बहुधा हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांच्या असतात, ज्यांना बरेच लोक सरसकट सिपोरेक्स म्हणतात. त्यांच्यात साधा प्लग फुगला की कडा चुरगळतात. त्यांच्यासाठी वेगळे, लांब आणि रुंद आट्यांचे प्लग मिळतात, तेच वापरावेत. अशा भिंतीत छिद्र करताना ड्रिलचा ठोक्याचा खटका बंद ठेवावा.

कोकणात आणि गोव्यात भिंत जांभ्याची असते. चिरा दिसायला दणकट, पण त्याच्या पोटात कुठे भोकं तर कुठे मऊ माती. एका जागी ड्रिल लोण्यासारखं आत जातं, वीतभर अंतरावर हटून बसतं. एकाच चिऱ्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा तीन-चार चिऱ्यांवरून जाणारी आडवी सागाची किंवा फणसाची फळी बसवून हूक त्या फळीत लावावेत. जुन्या घराच्या पडवीत वासे भक्कम असतील तर भिंतीला हातच लावायला नको. वाशात आधी बारीक छिद्र पाडून हूक आटवला की लाकूड तडकत नाही.

छताकडे बघण्याआधी

कपडे वाळत घालायच्या दांड्या छताला दोरी आणि पुलीनं टांगलेल्या असतात, हे शहरातल्या बहुतेक घरांत दिसतं. सायकलही तशी वर चढवता येते. फक्त त्या कपड्यांच्या पुल्या सायकलीला वापरू नयेत. ओल्या कपड्यांचं वजन दांड्यांवर विभागलेलं असतं आणि त्या पुल्यांचे स्क्रू तेवढ्याच बेतानं बसवलेले असतात.

छताला पक्की बसवलेली पुली फक्त ओढायची दिशा बदलते. १४ किलो उचलायला १४ किलोंचाच जोर लागतो. दोरीबरोबर वर-खाली होणारी दुसरी पुली हुकाशी जोडली की सायकलीचं वजन दोरीच्या दोन पदरांवर वाटलं जातं आणि जोर निम्म्यावर येतो. घर्षण धरून सात-आठ किलो. त्याची किंमत दोरीत मोजावी लागते: सायकल दीड मीटर वर न्यायला तीन मीटर दोरी ओढावी लागते. सीट आणि हँडल यांना एक-एक हूक लावून सायकल वर चढवणाऱ्या तयार संचात अशाच पुल्या असतात. दोरी भिंतीवरच्या खुंटीला आठाच्या आकारात गुंडाळावी आणि सायकल वर गेल्यावर तिला एक जादा साखळी अडकवावी.

छत हे मुलांच्या लहान झालेल्या आणि वर्षातून चार वेळा लागणाऱ्या सायकलींचं ठिकाण आहे. रोजची सायकल वर चढवली तर आठवडाभरात कुणीतरी ती चढवणं सोडून देतं. शिवाय उंचीचा हिशेब आहे. पावणेतीन मीटरच्या छताला टांगलेली सायकल मीटरभर खाली येते आणि उरलेल्या जागेत मोठ्या माणसाचं डोकं आपटतं. गाडीच्या बॉनेटवरची जागा मात्र अशी असते, जिथे कुणी चालत नाही. सायकल तिथे वर टांगावी.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्लॅबला छिद्र पाडायचं तर आधी परवानगी घ्यावी आणि तुळई-खांबांना हात लावू नये. छताखालून गेलेल्या पाण्याच्या किंवा अग्निशमनाच्या पाइपला सायकल टांगणं धोक्याचं आहे. जिन्याच्या तोंडाशी सायकली ठेवणंही तसंच: आग लागली तर लोक त्याच वाटेनं, अंधारात आणि धुरात खाली उतरणार असतात. पत्र्याच्या शेडमध्ये पत्र्याखालच्या हलक्या पट्ट्या सायकलीसाठी नसतात. टांगायचंच तर छप्पर पेलणाऱ्या कैचीच्या सांध्याजवळ.

पावसाळ्याची तयारी

जून ते सप्टेंबरमध्ये मुंबई-कोकणातली हवा इतकी दमट असते की सायकल भिजली नाही तरी तिच्यावर ओलाव्याचा पातळ थर बसतो. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज सुरू होतो. समुद्राकाठच्या हवेतलं मीठ त्या थरात विरघळून गंजाचा वेग वाढवतं. काळजीपोटी अनेक जण सायकल प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळतात आणि नेमकं नुकसान करून बसतात. आतला ओलावा बाहेर जाऊ शकत नाही आणि रात्री गारवा आला की तोच थेंब होऊन धातूवर बसतो. जुनी सुती चादर टाकावी. तिच्यानं धूळ अडते आणि हवा खेळती राहते. ताडपत्रीच घालायची तर ती खालून मोकळी असावी.

पत्र्याच्या शेडमध्ये गळती नसली तरी सायकली ओल्या सापडतात, त्याचं कारणही हेच आहे. रात्री निरभ्र आकाशाखाली पत्रा झपाट्यानं थंड होतो, शेडमधली दमट हवा त्याला लागते आणि पत्र्याच्या खालच्या बाजूला दव जमून टपकतं. छपराखाली समोरासमोर दोन झरोके ठेवले की हे बरंच कमी होतं. चेन पुसून तिच्यावर तेलाचा हलका हात फिरवावा, जास्तीचं तेल फडक्यानं टिपून घ्यावं. चिकट तेलावर धूळ बसली की चेन झिजते.

टायरमधली हवा सायकल नुसती उभी असतानाही हळूहळू कमी होते, कारण ट्यूबच्या रबरातून हवा झिरपते. हवा गेलेल्या टायरवर सायकल महिनोन् महिने उभी राहिली की टायर रिमखाली दुमडतो आणि त्याच्या बाजूला चिरा पडतात. महिन्यातून एकदा पंप मारावा किंवा चाकं अधांतरी राहतील अशी सायकल टांगावी. खिडकीतून थेट ऊन येतं तिथे टायर ठेवू नयेत, उन्हानं रबर कडक होतं.

आठ बाय दहाची एक शेड

समजा शेड आठ फूट रुंद, दहा फूट लांब आहे आणि दार आठ फुटांच्या बाजूला आहे. घरात पाच सायकली: दोन मोठ्यांच्या, आजोबांची काळी, दोन मुलांच्या. आजोबांची सायकल सर्वांत जड, म्हणून ती जमिनीवरच, दाराच्या अगदी जवळ, स्वतःच्या डबल स्टँडवर. मागच्या भिंतीवर एक आडवी फळी, तिच्यात वर-खाली दोन हूक, त्यांवर मोठ्यांच्या दोन सायकली उभ्या. मुलांच्या सायकली बाजूच्या भिंतीलगत उलटसुलट, पॅलेटच्या रॅकमध्ये. मुलांना स्वतःला काढता-ठेवता आल्या नाहीत, तर त्या अंगणातच पडून राहतील. मधली वाट मोकळी राहते आणि दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर कुदळ-फावडं, हेल्मेटं, पंप यांना जागा उरते. खर्च दोन हूक, एक फळी, मूठभर प्लग-स्क्रू आणि मिळालंच तर फुकटचं पॅलेट एवढाच.

कुलपासाठी फळीजवळच्या पक्क्या भिंतीत एक जाड कडी अँकर बोल्टनं बसवावी. साखळी त्या कडीतून आणि प्रत्येक सायकलीच्या सांगाड्यातून गेली पाहिजे. नुसत्या चाकातून गेलेली साखळी चाक सांभाळते. चाक हातानं सोडवायचा क्विक रिलीजचा खटका उघडला की चोर बाकीची सायकल घेऊन जातो.

घरात विजेवर चालणारी सायकल आली असेल, तर आराखडा तिच्यापासून सुरू करावा. बॅटरीसह ती वीस-पंचवीस किलो भरते, म्हणून हूक आणि पुली तिच्यासाठी नाहीत. बॅटरी सुटी होत असेल तर ती काढून घरात, सावलीत ठेवावी. दुपारी तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते. बरेच दिवस वापर नसेल तर ती पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी न ठेवता अर्ध्याच्या आसपास भरून ठेवावी आणि चार्जिंग सुरू असताना भोवती चादरी, कागद, तेलाचे डबे नसावेत.